अनामिक फंक्शन नेमकी कोणती किंमत धरून ठेवते?

संख्यात्मक संगणनाचा कोड लिहिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावर आली आहेत. तो विषय म्हणजे अनामिक फंक्शन, अर्थात स्वतंत्र नाव न देता जागच्या जागी लिहिलेले फंक्शन. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये ते @ या चिन्हाने सुरू होते, पायथनमध्ये 'लॅम्डा' या शब्दाने, तर ज्युलियामध्ये बाणाच्या चिन्हाने लिहिले जाते. लिहायला ते इतके सोपे आहे की त्याच्या आत काय साठवले जाते याचा विचार सहसा होत नाही, आणि पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते. उदाहरणांतील चलांची नावे आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये त्यांच्या जागी रोमन नावे आणि आकडे लिहावेत.

प्रश्न : मॅटलॅबमध्ये मी प्रथम अ = २ असे लिहिले, नंतर फ = @(क्ष) अ*क्ष.^२ असे फंक्शन तयार केले आणि त्यानंतर अ ची किंमत बदलून ५ केली. तरीही फ(३) विचारल्यावर १८ हेच उत्तर येते. माझ्या सहकाऱ्याने हाच क्रम पायथनमध्ये चालवला, तेव्हा त्याला ४५ मिळाले. दोघांपैकी कोणाचे उत्तर चुकले?

उत्तर : कोणाचेही चुकलेले नाही. दोन्ही भाषांनी आपापला नियम पाळला आहे. मात्र हा नियम माहीत नसेल तर संशोधनाचे निष्कर्षसुद्धा चुकू शकतात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे.

तुमच्या फंक्शनमध्ये दोन प्रकारची चले आहेत. क्ष ही किंमत फंक्शनला बोलावताना दिली जाते. अ मात्र बाहेरून आलेले चल आहे आणि ते कंसातल्या यादीत नाही. मॅटलॅब अनामिक फंक्शन तयार होत असतानाच अशा बाहेरच्या चलाची त्या क्षणाची किंमत घेऊन फंक्शनसोबत साठवते. म्हणून नंतर अ बदलला, किंवा पुसूनही टाकला, तरी फंक्शनमधला अ २ च राहतो. ऑक्टेव्हचा नियमही हाच आहे. पायथन किंमत साठवत नाही. ते चलाचा संदर्भ ठेवते आणि फंक्शन प्रत्यक्ष चालेल त्या वेळी अ ची जी किंमत असेल ती वापरते. ज्युलियाही या बाबतीत पायथनच्या बाजूची आहे. सी++ ने २०११ च्या प्रमाणकात हा निर्णय प्रोग्रामरवर सोपवला: लॅम्डाच्या सुरुवातीच्या चौकटी कंसात = लिहिले तर किंमत घेतली जाते आणि & लिहिले तर संदर्भ. मला स्वतःला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

मॅटलॅबच्या नियमाचा एक परिणाम असा की अ अस्तित्वात येण्याआधी फंक्शन लिहिले आणि अ नंतर दिला, तर फंक्शन चालत नाही. फंक्शन तयार होताना अ नसल्यामुळे साठवायला काही नव्हतेच. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. फंक्शन छापून पाहिले, तर पडद्यावर @(क्ष)अ*क्ष.^२ एवढेच दिसते. त्यात अ हे अक्षर दिसते, किंमत दिसत नाही. वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सध्याच्या चलांच्या यादीत, या वेळी अ = ५ असे दिसत असल्याने पाहणारा साहजिकच पाचच धरतो. साठवलेली खरी किंमत पाहायची असेल, तर 'फंक्शन्स' ही अंगभूत आज्ञा या फंक्शनवर चालवावी. तिच्या उत्तरातील 'वर्कस्पेस' या घटकात अ समोर २ लिहिलेले सापडेल.

पायथनमधला धोका लूपमध्ये समोर येतो. समजा न ची किंमत १, २, ३ अशी बदलत तीन फंक्शने तयार करून यादीत ठेवली आणि प्रत्येक फंक्शन लॅम्डा क्ष: क्ष**न (क्ष चा न वा घात) असे आहे. लूप संपल्यानंतर तिन्ही फंक्शनांना २ ही किंमत दिली, तर २, ४, ८ येणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात ८, ८, ८ येते, कारण तिन्ही फंक्शने एकाच न कडे पाहत आहेत आणि तो आता ३ आहे. फंक्शन लूपच्या त्याच फेरीत वापरून टाकले, तर काही बिघडत नाही. साठवून नंतर वापरले तरच चूक होते. संगणक कोणतीही सूचना देत नाही. एखाद्या प्राचलाच्या (पॅरामीटरच्या) दहा किमतींसाठी दहा वक्र काढले आणि ते सगळे एकावर एक पडले, तर पाहणारा 'या प्राचलाचा परिणाम नगण्य आहे' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. ज्युलियामध्ये 'फॉर' लूपच्या प्रत्येक फेरीत लूपचे चल नव्याने तयार होते, त्यामुळे तिथे या उदाहरणात २, ४, ८ हेच मिळते.

पायथनमध्ये उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे लॅम्डा क्ष, न=न: क्ष**न असे लिहिणे; पूर्वनिर्धारित किंमत फंक्शन तयार होतानाच ठरते, म्हणून ती त्या फेरीची राहते. याची उणी बाजू अशी की फंक्शनला आता दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे बोलावताना दिली जाणारी किंमत, घेण्याची मुभा मिळते, आणि एखाद्या रूटीनने चुकून दुसरा आर्ग्युमेंट पाठवला, तर तो न ची जागा निमूटपणे घेतो. दुसरा उपाय म्हणजे 'फंक्टूल्स' या मॉड्यूलमधील 'पार्शियल' वापरणे. मी हाच सुचवेन, कारण त्यात हेतू स्पष्ट दिसतो आणि बांधलेल्या किमती नंतर तपासताही येतात.

मात्र दोन्ही उपायांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बांधलेली वस्तू नमपाय या पायथनच्या संख्यात्मक ग्रंथालयाचा अ‍ॅरे असेल आणि पुढे त्या अ‍ॅरेतील घटक जागच्या जागी बदलले, तर फंक्शनलाही बदललेलेच घटक दिसतात, कारण नाव बांधले गेले तरी अ‍ॅरे एकच आहे. मूळ किमती गोठवायच्या असतील तर अ‍ॅरेची प्रत करूनच ती फंक्शनला द्यावी. मॅटलॅबच्या साध्या मॅट्रिक्सबाबत ही काळजी करावी लागत नाही.

प्रश्न : समाकलनाच्या तयार रूटीनला एकाच चलाचे फंक्शन हवे असते, पण माझ्या फंक्शनमध्ये क्ष खेरीज आणखी तीन प्राचले आहेत. ती ग्लोबल, म्हणजे सगळ्या कोडला दिसणारी, चले म्हणून जाहीर करण्याचा सल्ला मला मिळाला. तो योग्य आहे का?

उत्तर : नाही. तुमच्यासारख्या गरजेसाठीच अनामिक फंक्शन उपयोगी पडते. फंक्शन पूर्ण रूपात चार आर्ग्युमेंट घेणारे, स्वतःचे नाव असलेले असे लिहावे, आणि समाकलनाच्या ओळीत @(क्ष) घनता(क्ष, अ, ब, क) असे एका चलाचे अनामिक फंक्शन द्यावे. अ, ब, क या किमती त्यात आपोआप बांधल्या जातात. मुळे शोधणारे 'एफझीरो', लघुतम शोधणारे 'एफमिनसर्च' किंवा विकल समीकरणे सोडवणारे 'ओडीई४५' यांच्याबाबतही पद्धत हीच. 'ओडीई४५' ला काळ आणि अवस्था असे दोन आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन लागते, एवढाच फरक. सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक ग्रंथालयातील 'क्वाड' या समाकलनाच्या रूटीनमध्ये बाकीची प्राचले देण्यासाठी 'आर्ग्ज' नावाची वेगळी सोय आहे आणि तीही चांगली आहे.

ग्लोबल चलांच्या सल्ल्यामागे जुना इतिहास आहे. संख्यात्मक समाकलनाचा क्वाडपॅक हा फोरट्रानमधील संच, ज्याच्या पद्धती सायपायचे 'क्वाड' वापरते, त्याच्या वेळी वापरणाऱ्याच्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट देता येत असे आणि बाकीची प्राचले 'कॉमन' ब्लॉकमधून, म्हणजे सामायिक मेमरीतून, पोहोचवावी लागत. त्या काळी दुसरा सोयीचा मार्ग भाषेतच नव्हता. सी भाषेतील जीएसएल या ग्रंथालयाने फंक्शनसोबत प्राचलांचा एक पॉइंटर जोडण्याची युक्ती केली, आणि अनामिक फंक्शन आज जे आपोआप करते तेच ती हाताने करते. फोरट्राननेही २००८ च्या प्रमाणकात अंतर्गत फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून पाठवण्याची परवानगी दिली.

ग्लोबल चलांमुळे दुहेरी समाकलनात आतल्या समाकलनाने बाहेरच्याच्या किमती पुसण्याचा धोका असतो, आणि तेच काम एकाच वेळी अनेक थ्रेडवर (समांतर धाग्यांवर) चालवले तर एक थ्रेड दुसऱ्याची प्राचले वापरू लागतो. अशी चूक दर वेळी वेगळे उत्तर देते, म्हणून शोधायला फार जड जाते.

प्रश्न : @(क्ष) ५ हे स्थिर फंक्शन मॅटलॅबच्या 'इंटिग्रल' ला दिले, तर ते आकारमान जुळत नसल्याची तक्रार करते. शिवाय तुकड्यातुकड्यांचे फंक्शन अनामिक रूपात लिहिताना 'इफ' वापरता येत नाही. यावर काय करावे?

उत्तर : 'इंटिग्रल' तुमच्या फंक्शनला एकेक बिंदू देत नाही. ते अनेक बिंदूंचा सदिश एकदम देते आणि तेवढ्याच आकाराचा सदिश परत मागते. तुमचे फंक्शन सदिश घेते पण एकच आकडा परत करते, म्हणून ही तक्रार. ५*वन्स(साइझ(क्ष)), म्हणजे क्ष च्याच आकाराचा एककांचा अ‍ॅरे पाचाने गुणून, परत केला की काम होते. गुणाकार, भागाकार आणि घात यांच्या आधी टिंब लावण्याची सवयही याच कारणाने हवी. टिंब नसेल तर मॅटलॅब तो मॅट्रिक्सचा गुणाकार समजते.

'इफ' चा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे. मॅटलॅबचे अनामिक फंक्शन म्हणजे एकच पदावली असते, त्यात विधाने बसत नाहीत. म्हणून अनेक जण तार्किक मुखवट्याचा आधार घेतात, म्हणजे (क्ष>०).*क्ष असे लिहितात. अट खरी असेल तिथे १ ने आणि खोटी असेल तिथे ० ने गुणले जाते. सर्व ठिकाणी किंमत सांत असेल तर हे चालते. पण संभाव्यतांच्या सदिशाची एन्ट्रॉपी काढताना काय होते ते पाहा. उणे बेरीज प.*लॉग(प) या सूत्रात एखादी संभाव्यता शून्य असेल, तर लॉग(०) हे उणे अनंत होते आणि शून्य गुणिले अनंत म्हणजे तरत्या बिंदूच्या अंकगणितात 'नॅन', अर्थात संख्या नसलेली किंमत. एका 'नॅन' मुळे सगळी बेरीज 'नॅन' होते. यावर (प>०) चा मुखवटा गुणला तरी काही साधत नाही, कारण शून्य गुणिले 'नॅन' हेही 'नॅन' च असते. मुखवटा गुणण्याच्या आधीच नको असलेली किंमत काढली गेलेली असते, ही यातली खरी अडचण.

म्हणून गुणू नये, निवडावे. @(प) -सम(प(प>०).*लॉग(प(प>०))) असे लिहिले, तर शून्य संभाव्यता लॉगपर्यंत पोहोचतच नाहीत आणि सूत्र एका पदावलीतही बसते. नमपायच्या 'व्हेअर' मध्ये अंतिम उत्तर बरोबर येते, पण दोन्ही शाखा पूर्ण मोजल्या जात असल्यामुळे इशारे छापले जातात. या विशिष्ट सूत्रासाठी सायपायमध्ये 'एक्सलॉगवाय' नावाचे फंक्शन आहे आणि ते पहिला आर्ग्युमेंट शून्य असताना शून्यच देते. तुकडे तीन-चार असतील, तर मात्र अनामिक फंक्शनचा हट्ट सोडून नाव असलेले फंक्शन लिहावे.

प्रश्न : अनामिक फंक्शनांमुळे कोड मंद होतो असे ऐकले आहे. रेषीय समीकरणांच्या कामात ती टाळावीत का?

उत्तर : टाळू नयेत. उलट, रेषीय बीजगणितात त्यांचा जो उपयोग होतो तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही याचे वाईट वाटते.

प्रथम वेगाविषयी. पायथनमध्ये लॅम्डा आणि नाव असलेले फंक्शन यांच्या वेगात फरक नसतो. खर्च होतो तो फंक्शनला बोलावण्याचा, आणि तो दोन्हींना सारखाच लागतो. सायपायचे 'क्वाड' सांत मर्यादांमध्ये एका उपांतरासाठी २१ बिंदूंचा नियम वापरते, त्यामुळे अगदी सरळ फंक्शनचे समाकलन प्राचलाच्या १०,००० किमतींसाठी केले, तर फंक्शन किमान २,१०,००० वेळा बोलावले जाते. वेळ तिथे जातो. नमपायच्या 'व्हेक्टराइझ' ने ही संख्या कमी होत नाही, कारण आत साधा लूपच असतो. मॅटलॅबच्या 'अ‍ॅरेफन' कडूनही वेगाची आशा ठेवू नये. सूत्रच सदिशावर चालेल असे लिहिणे हा उपाय आहे. ज्युलियामध्ये २०१६ च्या ०.५ आवृत्तीपासून प्रत्येक फंक्शनला स्वतःचा टाइप असतो आणि अनामिक फंक्शनही पूर्ण वेगाने चालते. फक्त बाहेरून घेतलेल्या चलाला फंक्शन तयार झाल्यावर पुन्हा किंमत देऊ नये, कारण मग त्या चलाचा टाइप कंपायलरला ठामपणे ठरवता येत नाही आणि वेग घसरतो. 'लेट' ब्लॉकमध्ये नवे चल बांधून घेतले की ही अडचण दूर होते.

आता मुख्य मुद्दा. समजा एकाच मॅट्रिक्स म साठी वेगवेगळ्या उजव्या बाजूंची समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवायची आहेत. सोडव = @(ब) म\ब असे लिहिले, तर दर वेळी म चे अवयव नव्याने पाडले जातात. त्याऐवजी एकदाच एलयू विघटन करून ल, उ हे त्रिकोणी मॅट्रिक्स आणि क्रमबदलाचा मॅट्रिक्स प मिळवावा आणि सोडव = @(ब) उ\(ल\(प*ब)) असे लिहावे. हे फंक्शन बाहेरून पाहता पहिल्यासारखेच आहे: ब द्या, उत्तर घ्या. आत मात्र महागडे काम आधीच झालेले आहे. न×न मॅट्रिक्सच्या एलयू विघटनाला साधारण २न³/३ क्रिया लागतात, तर दोन त्रिकोणी प्रणाली सोडवायला साधारण २न². न = २००० धरले, तर विघटनाला सुमारे ५३३ कोटी क्रिया लागतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक उत्तराला फक्त ८० लाख. मॅटलॅबमध्ये २०१७ पासून 'डीकम्पोझिशन' नावाची वस्तू आहे, तीही फंक्शनमध्ये अशीच बांधता येते. सायपायमध्ये 'एलयू_फॅक्टर' आणि 'एलयू_सॉल्व्ह' ही जोडी आहे.

याच्याही पुढे एक पाऊल टाकता येते. 'पीसीजी' किंवा 'जीएमआरईएस' यांसारख्या पुनरावर्ती पद्धतींना मॅट्रिक्सचे घटक माहीत असण्याची गरज नसते. दिलेल्या सदिशाला मॅट्रिक्सने गुणून काय येते, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून मॅट्रिक्सच्या जागी फंक्शन देता येते. समजा मॅट्रिक्स म्हणजे एक कर्णरेषीय मॅट्रिक्स अधिक उ या स्तंभाचा त्याच्याच परिवर्ताशी (मॅटलॅबमध्ये उ') गुणाकार आहे, कर्णावरचे धन घटक द या सदिशात आहेत आणि न = १,००,००० आहे. पूर्ण मॅट्रिक्स तयार केला तर त्यात १,००० कोटी घटक होतील आणि ८ बाइट प्रतिघटक या हिशेबाने ८० गिगाबाइट मेमरी लागेल. त्याऐवजी @(व) द.*व + उ*(उ'*व) हे फंक्शन दिले, तर द आणि उ हे दोन सदिश पुरतात आणि प्रत्येक गुणाकाराचा खर्च न च्या प्रमाणात राहतो. यातला आतला कंस सोडू नका. उ'*व हा आधी मोजला तर एकच आकडा मिळतो. कंस नसेल तर क्रिया डावीकडून होतात, उ*उ' आधी तयार होतो, आणि जो मॅट्रिक्स टाळायचा होता तोच मेमरीत उभा राहतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही पदावल्या समान आहेत. संगणकाच्या दृष्टीने एक चालते आणि दुसरी चालत नाही.

प्रश्न : माझ्या फाइलमध्ये मी फक्त एक छोटे अनामिक फंक्शन जतन केले, तरी फाइल शेकडो मेगाबाइटची झाली. दुसरी अडचण अशी की पायथनमध्ये तेच काम 'मल्टिप्रोसेसिंग' वर, म्हणजे अनेक प्रक्रियांत वाटून, नेले, तर लॅम्डा पाठवताच येत नाही.

उत्तर : पहिल्या अडचणीचे कारण आधीच्या उत्तरांतच आहे. फंक्शन बाहेरची चले सोबत नेते, आणि ती संपूर्ण नेते. तुम्ही @(क्ष) क्ष - म(:,१) असे काही लिहिले असावे असा माझा अंदाज आहे. इथे गरज पहिल्या स्तंभाचीच आहे, पण उल्लेख म चा आहे, म्हणून सगळा म बांधला जातो. म हा १०,०००×१०,००० आकाराचा असेल, तर त्याचे ८० कोटी बाइट होतात. फंक्शन लिहिण्याआधी स्त = म(:,१) अशी ओळ लिहावी आणि फंक्शनमध्ये स्त वापरावा; मग सोबत १०,००० घटकच जातील, म्हणजे ८०,००० बाइट. फाइल जतन करायची नसेल तरी ही काळजी घ्यावी, कारण म नंतर पुसून टाकला तरी ते फंक्शन जिवंत असेपर्यंत मेमरी मोकळी होत नाही.

दुसऱ्या अडचणीचे कारण वेगळे आहे. वस्तू दुसऱ्या प्रक्रियेकडे पाठवण्यासाठी पायथन वापरते ते 'पिकल' फंक्शनचा कोड पाठवत नाही, फक्त ते कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणत्या नावाने सापडेल एवढे पाठवते. लॅम्डाला असे शोधता येईल असे नाव नसते. मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर नाव असलेले फंक्शन लिहून 'पार्शियल' ने त्यात प्राचले बांधली, तर ते विनातक्रार जाते.

प्रश्न : महाविद्यालयात मी संगणनाचा विषय शिकवतो. अनामिक फंक्शन कधी वापरावे आणि नाव कधी द्यावे, याविषयी विद्यार्थ्यांना काय सांगावे? अनामिक फंक्शन स्वतःलाच बोलावू शकते का, असेही ते विचारतात.

उत्तर : फंक्शन दुसऱ्या रूटीनला देताना प्राचले बांधण्यापुरते हवे असेल आणि एका नजरेत वाचता येत असेल, तर ते अनामिक ठेवावे, असे सांगावे. ज्या सूत्राची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागेल, जे दोन ठिकाणी लागेल, किंवा ज्याच्यावर टिप्पणी लिहाविशी वाटेल, त्याला नाव द्यावे. पायथनची शैली-मार्गदर्शिका तर लॅम्डा तयार करून लगेच चलाला देण्याऐवजी सरळ 'डेफ' वापरावे असेच सुचवते, आणि त्यामागचे एक कारण व्यवहाराचे आहे: चूक झाल्यावर छापल्या जाणाऱ्या माहितीत फंक्शनचे नाव दिसते, तर लॅम्डाच्या बाबतीत नुसते 'लॅम्डा' एवढेच दिसते. मॅटलॅबमध्ये पूर्वी स्क्रिप्टच्या फाइलमध्ये नाव असलेले फंक्शन लिहिता येत नसे, म्हणून लोक नाइलाजाने लांबलचक अनामिक फंक्शने रचत. २०१६ च्या 'ब' आवृत्तीपासून स्क्रिप्टच्या शेवटी फंक्शन लिहिता येते, त्यामुळे ते कारण आता उरलेले नाही.

स्वतःला बोलावण्याविषयी: पायथनमध्ये लॅम्डाला नाव दिले असेल तर ते चालते, कारण नाव फंक्शन चालताना शोधले जाते. मॅटलॅबमध्ये गुणित = @(न) न*गुणित(न-१) असे लिहिले, तर फंक्शन तयार होत असताना गुणित नावाची वस्तूच नसते, म्हणून बोलावल्यावर चूक दाखवली जाते. मात्र त्या नावाचे जुने चल वर्कस्पेसमध्ये पडून असेल, तर त्याचीच किंमत बांधली जाते आणि भलतेच उत्तर मिळू शकते किंवा भलतीच चूक छापली जाते. विद्यार्थ्यांना हा प्रयोग वर्गातच करायला लावा: आधी गुणित = [१० २० ३०] असे लिहून मग वरची ओळ लिहावी आणि गुणित(३) विचारावे. उत्तर ६ न येता ६० येईल, कारण आतले गुणित(२) हे फंक्शन नसून जुन्या सदिशाचा दुसरा घटक आहे. फंक्शन तयार होताना काय बांधले गेले, हे पुढच्या तासाला त्यांना सांगावे लागणार नाही.